विटेच्या भिंतीवर एसीचं आउटडोअर युनिट

बी-३०२: नमस्कार मंडळी. उद्या दीड टनाचा एसी बसवायला माणूस येतोय. आउटडोअर बेडरूमच्या बाहेर लावायचंय, भिंत विटेची. तो म्हणतो चार फास्टनर ठोकले की झालं. कुणाचा अनुभव?

ए-१०४: आमच्याकडेही असंच 'झालं' होतं. दुसऱ्या पावसाळ्यात वरचे दोन बोल्ट बोटाने हलायला लागले, भोकातून लाल भुकटी गळत होती. फास्टनर आत फुगून पकड घेतो. काँक्रीट ते सोसतं, वीट तडकते.

डी-२०१: दीड टन वजन भिंत पेलणार तरी कशी?

ए-१०४: अहो, दीड टन हे गारव्याचं माप. युनिट साधारण ३०-३५ किलोचं असतं. पण ते दिवसभर थरथरतं, त्यानेच बोल्ट सैल होतात. ब्रॅकेट (युनिट ज्यावर बसतं तो लोखंडी आधार) आणि युनिटच्या मध्ये रबरी पॅड हवेतच.

बी-३०२: मग तुम्ही काय केलंत?

ए-१०४: आरपार बोल्ट. बाहेरून ब्रॅकेट, आतून लोखंडी पट्टी, वॉशर, नट. पट्टी बेडरूममध्ये दिसते म्हणून घरातून अजून ऐकून घेतोय, ते वेगळं.

सी-५०१: ए-१०४ बरोबर सांगताहेत. ब्रॅकेटचा वरचा बोल्ट बाहेर ओढला जातो, खालची बाजू भिंतीवर दाबली जाते. म्हणून वरच्याकडे जास्त लक्ष द्या. भोक विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात किंवा कडेला नको. आधी हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजलं तर प्लास्टर सुटलंय, जागा बदला. ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवायचं, नाहीतर पलीकडे प्लास्टरचा पोपडा निघतो. शेजारी काँक्रीटचा बीम असेल तर ब्रॅकेट तिथेच घ्या, तिथे फास्टनर चालतो. मात्र बीमला आरपार भोक अजिबात नाही.

बी-३०२: काका, पाइपचं भोक?

सी-५०१: बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. उलटा झाला तर पाऊस थेट गादीवर.

सेक्रेटरी: बाहेरची भिंत सोसायटीची आहे, कामाआधी ऑफिसात अर्ज द्या. आणि माणूस सेफ्टी बेल्टशिवाय खिडकीबाहेर जाणार नाही. मागे एक जण नुसता ग्रिलला धरून लटकला होता, मी खालून बघत होतो.

बी-३०२: अर्ज आत्ताच देतो. त्याला फोन केला, म्हणाला बोल्ट तुम्हीच आणून ठेवा. केवढे आणू?

सी-५०१: खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजा. दोन्हीकडचं प्लास्टर धरून.

बी-३०२: सव्वादहा इंच.

सी-५०१: मग १२ इंची आणा. गंज न धरणारे.