सल्ला हवा आहे: चाळिशीला टेकल्यावर, पुण्यात राहून आइस हॉकी शिकता येईल का?

घसरगुंडी
नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

वय ३९, राहणार कर्वेनगर, नोकरी हिंजवडीत, त्यामुळे फावला वेळ म्हणजे सकाळी आठच्या आत जे जमेल ते. जानेवारीत लेहला गेलो होतो, तिथे एनडीएस स्टेडियमवर मुलींची आइस हॉकीची मॅच बघितली, आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यातून जात नाहीये. शाळेत आपली मैदानावरची हॉकी खेळले आहे, लेफ्ट विंगला. स्केटिंग मात्र शून्य. भिंत धरूनही नाही.

तर सुरुवात कुठून करू? आधी बुटांना पैसे घालू की क्लासला? स्पर्धाबिर्धा काही नको, चार लोकांत धड खेळता आलं तरी पुष्कळ. नवरा म्हणतो पिकलबॉल खेळ, सोसायटीतच कोर्ट आहे. त्याच्याशी सहमत असणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा. आणि पुण्यात बर्फ नाही हे मला माहीत आहे, कृपया कोणी "फ्रीज उघडून बघ" असं लिहू नये.

पेठेतला_पाहुणा
फ्रीज उघडून बघ.

(माफ करा, राहवलं नाही. वाचतोय.)

चाकंवाला
ताई, सगळ्यात आधी काय करू नये ते सांगतो. आइस स्केट्स आत्ता अजिबात घेऊ नका. परदेशातून कोणी फुकट आणून देत असेल तरी नको. त्यांना बर्फ लागतो हे एक, आणि दर थोड्या दिवसांनी धार लावावी लागते हे दुसरं. रविवार पेठेत धार लावणारा मिळेल, पण तो सुरीसारखी धार लावील. हॉकीच्या पात्याला खालून मधोमध उभी पन्हळ पाडलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. वळणं, थांबणं, जोर लावणं, सगळं त्या कडांवर चालतं. ती पन्हळ पाडायचं मशीन वेगळं असतं. साध्या सहाणेवर ते पातं दिलंत की संपलं.

तुमचा रस्ता इनलाइन स्केट्सवरून जातो. एका ओळीत चार चाकं आणि मागे रबरी ब्रेक नसलेले, हॉकीच्या बांध्याचे बूट बघा. टाच अजिबात उचलली जाता कामा नये आणि बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. "थोडे मोठे घेते, जाड मोजे घालीन" हा विचार मनात आला तर दुकानातून बाहेर पडा. चाकांचा कडकपणा चाकावरच छापलेला असतो. आपल्याकडच्या सिमेंटच्या, खरबरीत रिंकवर ८२ ते ८५ए लागतात. ७४ किंवा ७८ची मऊ चाकं आतल्या गुळगुळीत फरशीसाठी असतात, बाहेर वापरली तर खोडरबरासारखी झिजतात.

आता क्लास. पुण्यात स्केटिंग शिकवणारे भरपूर आहेत, पण बहुतेक बॅचमध्ये सात-आठ वर्षांची पोरं असतात आणि सरांचं लक्ष असतं स्पीड स्केटिंगवर, कारण मेडलं तिथे मिळतात. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: सर, मला वेग नको, थांबायला, दोन्ही बाजूंना वळायला आणि उलटं जायला शिकवा. उलटं जाणं फार थोडे जण मनापासून शिकवतात आणि हॉकीत त्याच्यावाचून पान हलत नाही.

एक खुलासा, नाहीतर फसाल. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली हॉकीचे दोन वेगळे खेळ आहेत. रोलर हॉकी म्हणजे दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे क्वाड स्केट, आखूड स्टिक आणि बॉल. इनलाइन हॉकी म्हणजे तुमच्यासारखे बूट, आइस हॉकीसारखी लांब स्टिक आणि पक (बॉलऐवजी चपटी चकती). तुम्हाला दुसरा हवा आहे. "हॉकी शिकवतो" एवढ्यावर फी भरू नका, कुठली ते विचारा.

खडकीकर
शाळेत हॉकी खेळलेली पोरगी म्हटल्यावर प्रतिसाद देणं भागच आहे. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा, हे मी कुठल्याही धाग्यावर लिहितो.

तुझं निम्मं काम झालेलं आहे असं समज. आपल्या हॉकीत डावा हात वर, उजवा खाली, आणि चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनेच मारायचा, म्हणून डावखुऱ्यांनाही वेगळी स्टिक नसते. आइस हॉकीत स्टिकच्या पात्याच्या दोन्ही बाजू चालतात आणि डाव्या-उजव्या स्टिक वेगळ्या मिळतात. तुझा डावा हात वर राहणार, म्हणजे उजव्या हाताची स्टिक घे. दुकानदार काहीही म्हणो.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतील. आपल्याकडे चेंडू पायाला लागला की फाउल. तिथे पक स्केटने अडवायचा, स्केटने स्वतःच्याच स्टिककडे ढकलायचा, फक्त लाथेने गोल करायचा नाही. जुने मैदानी खेळाडू पाय चोरतात, आणि पक पायांमधून आरपार जातो. दुसरं, ऑफसाइड. आपण तो १९९०च्या दशकात काढून टाकला, तिथे अजून आहे: पकच्या आधी तू समोरच्या संघाच्या भागाची निळी रेषा ओलांडून पलीकडे गेलीस की शिट्टी. लेफ्ट विंगवाल्यांना पुढे जाऊन उभं राहायची खोड असते, तेव्हा हे तुलाच जास्त नडेल. इनलाइनमध्ये निळ्या रेषा नसतात, त्यामुळे तिथे हे कळणारही नाही.

घरी स्टिक फिरवायचा सराव गच्चीत कर. खोलीत केलास तर खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी वर येतील.

मिसिसागाचा_माधुकरी
इथल्या (कॅनडातल्या) रिंकवर रात्री साडेदहाच्या बर्फावर खेळणारा एक काका बोलतोय. मोठ्यांना चांगल्या वेळा मिळतच नाहीत, त्या सगळ्या पोरांच्या.

चाकंवाल्यांचं बहुतेक पटलं, एक गोष्ट सोडून. इनलाइनवर शिकलेला माणूस बर्फावर आला की पळतो झकास आणि थांबत नाही. चाक आडवं घसरत नाही, पातं घसरतं. बर्फावर थांबायचं म्हणजे गुडघे वाकवून दोन्ही पावलं झटक्यात आडवी करायची आणि कडेने बर्फाचा वरचा थर खरवडायचा. हे अंगात चाकांवर येत नाही. त्यामुळे बर्फ मिळाला की पहिला अख्खा तास फक्त थांबण्यावर घाला, आधी पावलांचे पुढचे भाग जवळ आणून, मग एका पायाने, मग दोन्हींनी, आणि दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला थांबता येणारे इथे दहा-दहा वर्षं खेळतायत, त्यांच्यात जाऊन बसू नका.

वयाचं मनावर घेऊ नका. मोठ्यांच्या सगळ्यात खालच्या गटात चाळिशी-पन्नाशीचे लोक ढिगाने असतात आणि तिथे अंगावर धडक मारायला बंदी असते. पाच खेळाडू आणि गोली बर्फावर, बाकीचे बाकावर, आणि खेळ चालू असतानाच बदली. एका वेळी पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून पळायचं आणि बाकावर येऊन धापा टाकायच्या. दमसास कमी आहे म्हणून कोणी हाकलत नाही. बाकावर यायला उशीर करणाऱ्याला मात्र बोलणी बसतात.

सामानाचं सांगतो. स्टिक अनवाणी उभं राहून नाकापर्यंत, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत. स्टिकवर एक आकडा असतो, फ्लेक्स, ती किती वाकते त्याचा. ढोबळ हिशोब असा की वजन पौंडात धरून त्याच्या निम्मा. साठ किलोच्या बाईला पासष्टच्या आसपास. नवखे लोक दुकानातली ८५ची उचलतात, ती काठी वाकत नाही आणि शॉटही जात नाही. आइस स्केट्स कधी घेतल्याच तर नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान बसतात. हेल्मेट नवीनच घ्या, तोंडावर जाळी असलेलं. खांदे, कोपर, नडगी यांचं जुनं चालतं, इथे माळ्यामाळ्यावर पडलेलं असतं, कोणाच्या बॅगेतून मागवा. (वास येईल. सगळ्यांच्याच सामानाला येतो.)

गळपट्टा विसरू नका. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डला अॅडम जॉन्सन हा खेळाडू दुसऱ्याच्या स्केटचं पातं गळ्याला लागून गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांत गळ्याचं संरक्षण सक्तीचं केलं. हौशी खेळात अजूनही "मला गुदमरतं" म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

घसरगुंडी
किती छान माहिती! माधुकरीकाका, गळपट्ट्याचं खरंच माहीत नव्हतं, नवऱ्याला मात्र वाचून दाखवणार नाही. खडकीकरकाका, पुढे जाऊन उभं राहायची खोड आहेच, शाळेतल्या सरांनी त्यावरून फार ऐकवलं आहे.

आता पुढचा प्रश्न. समजा चाकांवर बऱ्यापैकी जमलं, तर खरा बर्फ कुठे गाठू? सुट्टी वर्षातून एकदाच, आठवडाभर.

बिनबर्फाचा
पूर्ण मापाचं मैदान म्हणजे ६० मीटर लांब आणि ३० मीटरपर्यंत रुंद. महाराष्ट्रात तसलं काही नाही. मॉलमधल्या स्नो पार्कात जाऊन पैसे घालवू नका, तिथे फोटो निघतात, स्केटिंग होत नाही.

गुरुग्रामला अँबियन्स मॉलमध्ये रिंक आहे. मापाने लहान, पण पहिल्यांदा पात्यांवर उभं राहायला, कडा समजून घ्यायला उत्तम. दिल्लीला कामानिमित्त जाणं होत असेल तर जोडून एक सकाळ काढा. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली बंदिस्त रिंक आहे. ती पुढे बरीच वर्षं बंद पडून होती, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे शॉर्ट ट्रॅकची (बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची) आशियाई स्पर्धा झाली. जायचं ठरलं तर हौशी लोकांना बर्फ कधी मिळतो हे फोन करून पक्कं करा, मगच तिकीट काढा. सिमल्याची रिंक १९२० पासूनची, पण उघड्यावरची. थंडी पडली तर बर्फ, ढग आले की सुट्टी. तिच्या भरवशावर आठवडाभराची रजा टाकू नका.

राहिलं लेह. तुम्ही बघून आलातच. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा हंगाम, आणि एनडीएसखेरीज कर्झूचं तळं गोठलं की अख्खं गाव तिथे. उंची साधारण ३५०० मीटर. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस खोलीत गप्प पडून राहायचं, जिना चढताना धाप लागते तिथे हॉकी कसली खेळताय. म्हणजे तुमच्या आठवड्यातले दोन दिवस तिथेच गेले. शिवाय तिथली दहा वर्षांची पोरं तुमच्या भोवती गोल गोल फिरतील. त्या मुलींचं तर विचारूच नका. भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला २०१६ मध्ये, २०१७ मध्ये फिलिपिन्सविरुद्ध पहिला सामना जिंकला, आणि २०२५ मध्ये अल ऐनला आशिया कपात कांस्यपदक. त्यातल्या बहुतेक लडाखच्या, आणि वर्षातले दोन-अडीच महिने मिळणाऱ्या नैसर्गिक बर्फावर शिकलेल्या.

माझं मत विचाराल तर पहिली सुट्टी दुबईला टाका. दुबई मॉलमधली रिंक ऑलिंपिक मापाची, बारा महिने चालू, स्केट्स भाड्याने, शिकवणारे हजर. समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे धाप लागली तर ती फक्त वयाची. लेह दुसऱ्या वर्षी.

चाकंवाला
दुबईबद्दल सहमत. थांबण्याबद्दल माधुकरींशीही सहमत, पण क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), उलटं जाणं, मान वर ठेवून स्टिक सांभाळणं हे सगळं चाकांवरच होतं आणि फार स्वस्तात होतं. दुबईतला तास सरळ पळायला शिकण्यात घालवू नका.

गुडघे_टेकले
मी फिजिओ. वर कोणीच पडण्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मोठी माणसं पडताना हात मागे टेकतात, आणि माझ्याकडे मनगट घेऊन येतात. नाहीतर माकडहाड. पोरं पडतात कारण त्यांना पडायचं असतं, आपण शेवटपर्यंत सावरायला बघतो आणि ताठ होऊन मागे जातो. पहिल्या दिवशी गवतावर किंवा जाड सतरंजीवर, सगळं सामान घालून मुद्दाम पडा. तोल गेला असं वाटताक्षणी गुडघे अजून वाकवायचे, बूड खाली न्यायचं आणि पुढे किंवा कुशीवर जायचं. पुढे गेलात तर नीपॅडवर घसरत जाल. मुठी मिटलेल्या हव्यात. बर्फावर तर हव्यातच, उघडी बोटं दुसऱ्याच्या पात्याखाली येतात. उठताना एक गुडघा टेकून, दुसरं पाऊल पुढे, दोन्ही हात त्याच मांडीवर, मग उभं राहायचं. सुरुवातीचे दिवस रिस्ट गार्ड घाला, स्टिक हातात आली की हॉकीचे ग्लव्हज.

आजपासून घरी: खुर्चीवर बसतो तेवढं वाकून एका पायावर उभं राहायचं. दात घासताना करा. वीस सेकंदांत मांडी थरथरायला लागली तर तेच तुमचं स्केटिंगचं वय.

घसरगुंडी
आत्ता करून बघितलं. वीसपर्यंत पोचलेच नाही.

ठरलं मग. इनलाइन घेते आणि पुढच्या सोमवारपासून सकाळची बॅच शोधते.

चाकंवाला
सोमवारपासून कशाला? जून चालू आहे. उघड्या रिंकवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि बॅडमिंटन हॉलवाले चाकं आत येऊ देत नाहीत. मग गणपती, म्हणजे निम्म्या मैदानांवर मांडव. दसऱ्यानंतर सुरू करा. तोवर बूट घेऊन घरात मोजे घालून रोज अर्धा तास नुसते बांधून बसा, पायाला होतील. गच्चीत स्टिक, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते.

पेठेतला_पाहुणा
फ्रीजवाला मीच. वय ४४. दसऱ्यानंतर मीही येऊ का? सदाशिव पेठेतून कर्वेनगर लांब नाही.

चाकंवाला
या की. मोठ्यांची चार डोकी जमली तर बहुतेक सर साडेसहाची वेगळी बॅच लावायला तयार होतात, दोघांसाठी कोणी उठत नाही. अजून दोघं शोधा. आणि चाकं पावसात भिजलीच तर बेअरिंग काढून पुसा, वाळवा, शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. खोबरेल नको. विचारतात लोक, म्हणून सांगितलं.