घरी भूकंपमापक बसवायचाय, कोयना भाग. कुठला घ्यावा? सल्ला हवा

मोरणाकाठ

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात आमचं गाव, कोयना धरणापासून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. घरी आठवी ते दहावीचे क्लास घेते. धक्के आमच्याकडे लहानपणापासूनचेच, रात्री मांडणीवरची भांडी वाजली की कुठलीकडे झाला एवढंच एकमेकांना विचारायचं आणि परत झोपायचं. वडील १९६७ ला सात वर्षांचे होते, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला तेव्हा आजीने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, मागे घराची भिंत बसली. त्या पहाटे पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, आमच्या भावकीतली दोन. वडील त्यावर फार बोलत नाहीत पण १९८० च्या सप्टेंबरमध्ये लागोपाठ मोठे धक्के झाले ना, तेव्हापासून माजघराच्या दाराच्या मागे पेन्सिलीने प्रत्येक धक्क्याची तारीख, वेळ आणि बाजूला दोन शब्द असं लिहीत आलेत. "भांडी", "आवाज फक्त", "कौल सरकले" असे. दार जवळजवळ भरलंय.

मला आता घरी खरं मशीन बसवायचंय, वडिलांसाठी आणि क्लासच्या मुलांसाठीपण. बजेट १५ हजार, अगदीच गरज असेल तर ४० पर्यंत खेचीन. तयार घ्यावं का जोडून करावं? मोबाईलच्या ॲपवर भागेल का? आणि घरात ठेवायचं कुठे? घर जुनं आहे, दगडी जोतं, वर कौलं, मागे गोठा.

तांब्याची_तार

ताई, मी पुण्यात सिंहगड रोडला तळमजल्यावर चार वर्षं रास्पबेरी शेक चालवतोय. छोटा रास्पबेरी पाय कॉम्प्युटर, त्याच्यावर एक बोर्ड आणि एक जिओफोन, म्हणजे स्प्रिंगवर लटकलेलं वजन आणि चुंबक, जमीन हलली की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. सेकंदाला १०० नोंदी घेतो आणि थेट नेटवर पाठवतो. तुमच्यासाठी एकच नाव सांगायचं तर हेच, आणि त्यातलं वनडी मॉडेल, उभ्या दिशेचा एकच जिओफोन असलेलं. जवळचे बारीक धक्के पकडायला जिओफोनसारखं दुसरं काही नाही. खर्चाचं खरं सांगतो, मी घेतला तेव्हा कस्टम धरून चाळीसच्या वर गेला. नुसता बोर्ड आणि जिओफोन मागवून रास्पबेरी पाय, कार्ड आणि डबा इथे घेतला तर बऱ्यापैकी वाचतात.

मोबाईलवर भागणार नाही. फोनमधला सेन्सर स्क्रीन फिरवण्यासाठी असतो, तुम्हाला जाणवेल एवढा धक्का त्याला दिसेल, पण जाणवत नाहीत असे जे शेकड्याने होतात ते अजिबात नाही. तीच गोष्ट बाजारात शे-दोनशेला मिळणाऱ्या एमपीयू ६०५० या सेन्सरची, मी त्यात दोन महिने घालवले, त्याचा स्वतःचाच खरखराट एवढा की धक्का त्यात बुडून जातो. जोडूनच करायचं असेल तर एडीएक्सएल ३५५ हा सेन्सर घ्या, महाग पडतो पण स्वच्छ आहे, जाणवणारे धक्के व्यवस्थित घेतो.

कातळ_आणि_काटा

वरच्या प्रतिसादाशी बहुतेक सहमत, एका ठिकाणी नाही. पुण्याला वनडी ठीक आहे, कोयनेला मी फोरडी सुचवीन. कारण साधं आहे, तिथे भूकंप पायाखाली होतात. चारचा धक्का दहा किलोमीटरवर झाला तर हालचाल जिओफोनच्या मापाबाहेर जाऊन आलेख वरखाली कापला जाऊ शकतो, नेमकं जे मोजायचंय तेच हातातून जाईल. फोरडीमध्ये जिओफोनसोबत तीन दिशांचे ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारे सेन्सर, आहेत, ते जोरदार हादऱ्यातसुद्धा कापले जात नाहीत.

आता जागा, मशीनपेक्षा हे महत्त्वाचं. माझी नोकरीची तीस वर्षं भूकंपमापकाच्या आलेखांचे कागद वाचण्यात गेली, चांगलं यंत्र वाईट जागी ठेवलेलं मी खूप पाहिलंय. दगडी जोतं आहे म्हणता तर निम्मं काम झालंय. माजघराचा एखादा कोपरा बघा जिथून माणसं जात-येत नाहीत, तिथली शेणाची जमीन उकरून खालच्या दगडापर्यंत जा, सिमेंटचा पातळ थर देऊन त्यावर एक फरशी पक्की बसवा आणि तिच्यावर यंत्र. स्टूल, टेबल, माळा, भिंतीतला कोनाडा नको. फ्रीज, पाण्याची मोटर आणि मोठं झाड यांच्यापासून लांब, झाड वाऱ्याने हललं की मुळं जमीन हलवतात. गोठ्याची बाजू तर नकोच, म्हैस उठली-बसली तरी कागदावर येते. वरून जाड खोका उपडा घाला, वाऱ्याची झुळूकसुद्धा दिसते.

आणि ताई, त्या दाराचे फोटो काढून ठेवा. उजेड तिरका पाडा, पेन्सिल उठून दिसते. कोयना-वारणा पट्टा म्हणजे जेमतेम २० बाय ३० किलोमीटरचा तुकडा, त्यात १९६७ पासून पाचच्या वरचे वीसहून जास्त आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास झालेत, धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ठिकाण आहे ते. हैदराबादच्या एनजीआरआयची, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची, यंत्रं तिथे आहेत, कराडजवळ हजारमाचीला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे जिने गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. यंत्रांच्या नोंदी भरपूर आहेत. पण एकाच घरात, एकाच माणसाने, एकाच पद्धतीने चाळीस वर्षं काय जाणवलं ते लिहिलंय असं मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही.

वसमतकर

कोयनेचा नाही, हिंगोलीचा आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पांगरा शिंदे भागात वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज यायचे, लोकांना वाटायचं कोणी सुरुंग लावतंय. मग २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा झाला, दहा-अकरा मिनिटांनी दुसरा ३.६ चा, तेव्हा सगळे गंभीर झाले. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आजही किल्लारीच आठवतं, १९९३ चं गणपती विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीची घरं अंगावर आली.

एक विचारायचंय, वडिलांनी "आवाज फक्त" लिहिलंय तसं आमच्याकडेपण होतं, हलत काहीच नाही पण घुमल्यासारखं होतं. हे काय असतं? आणि या मशीनने आधी कळेल का हो? गावात एकाने ऑनलाईन अलार्म आणला होता, ट्रॅक्टर गेला तरी वाजायचा, शेवटी सेल काढून ठेवला.

कातळ_आणि_काटा

भूकंपातून दोन मुख्य लाटा निघतात. पी लाट पुढे, खडकात साधारण सेकंदाला ६ किलोमीटर, ढकलत जाते, हवेतल्या आवाजासारखीच. एस लाट मागून, साडेतीनच्या आसपास, ती आडवी हलवते आणि घरं तीच पाडते. धक्का छोटा आणि उथळ असला की पी लाटेतली बारीक थरथर जमिनीतून थेट हवेत शिरते आणि कानाला घुमल्यासारखी ऐकू येते, मागची एस लाट जाणवण्याएवढी मोठी नसते. म्हणजे "आवाज फक्त" हापण खरा भूकंपच, वडिलांनी लिहिलं ते बरोबर केलं.

आधी कळण्याबद्दल स्पष्ट सांगतो. भूकंप होण्याआधी कुठलंच यंत्र सांगत नाही. झाल्यावर पी आणि एसमधल्या वेळात इशारा देता येतो, पण केंद्र १० किलोमीटरवर असेल तर तो वेळ सव्वा सेकंदसुद्धा नाही. त्यामुळे कोयनेत, हिंगोलीत किंवा तिकडे डहाणू-तलासरीत, जिथे नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धक्के सुरू झाले आणि माणसं थंडीत तंबूत झोपली, घरातल्या अलार्मवर पैसे घालवू नका. तेच पैसे कपाट भिंतीला ठोकायला, पलंगावरची जड फळी काढायला आणि भिंतीचे कोपरे बांधून घ्यायला घाला. दूरच्या मोठ्या भूकंपासाठी अँड्रॉइड फोनमधली सूचना चालू ठेवा, फुकट आहे.

तांब्याची_तार

फोरडीबद्दल सरांचं म्हणणं पटलं, मी पुण्याच्या हिशोबाने बोललो.

मुलांना शिकवायला सगळ्यात सोपं गणित: पी आणि एसमध्ये किती सेकंद ते मोजा आणि आठाने गुणा, तेवढे किलोमीटर. दोन सेकंद म्हणजे सोळा. तीन घरांतून तीन अंतरं आली की कंपासने नकाशावर तीन वर्तुळं काढा, जिथे भेटतात तिथे केंद्र. दहावीच्या पोरांना यापेक्षा चांगली भूमिती कुठे मिळणार. फक्त लक्षात ठेवा, एका यंत्रावर पी-एस मोजताना घड्याळ चुकीचं असलं तरी अंतर बरोबरच येतं कारण दोन्ही वेळा त्याच घड्याळाच्या आहेत, पण दोन-तीन गावांच्या नोंदी वेळेवरून जुळवायला गेलात तर एका सेकंदाची चूक म्हणजे ५-६ किलोमीटरची चूक. रास्पबेरी पाय नेटवरून वेळ घेतो, तुमच्याकडे पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्ही जाणार, म्हणून छोटा यूपीएस पहिल्याच दिवशी घ्या.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. स्वार्म नावाचं आहे, अमेरिकेच्या ज्वालामुखी वेधशाळावाल्यांनी बनवलेलं, तेच घ्या. जवळच्या धक्क्यांना फिल्टर ३ ते १५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनंच दाखवणारा, लांबच्यांना ०.७ ते २. २८ मार्च २०२५ ला म्यानमारचा ७.७ झाला तो आपल्या ११:५० ला, पुण्यापर्यंत पी लाट यायला पावणेपाच मिनिटं लागतात, मी आलेख उघडून बसलो होतो आणि रेघ जाड व्हायला लागली तेव्हा अंगावर काटा आला. तिकडे इमारती पडत होत्या आणि तीच हालचाल माझ्या फरशीखालून जात होती.

रोटोरुआहून

न्यूझीलंडमध्ये असते, मूळची चिपळूणची. विकत घेण्याआधी महिनाभर नुसते आलेख वाचायची सवय करा असं सुचवेन. इथे भूकंप आणि ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या जिओनेटने ज्वालामुखीजवळच्या स्टेशनांचे ड्रम, म्हणजे चोवीस तासांच्या रेघांचे आलेख, सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. मी रोज सकाळी चहासोबत रुआपेहू ज्वालामुखीचा बघते. तिथे वेगळाच प्रकार दिसतो, ज्वालामुखीचा ट्रेमर, ज्यात पी नाही एस नाही, नुसती सलग घरघर तासन्तास, आत वायू आणि गरम पाणी हललं की होते. एकदा तो आणि साधा भूकंप शेजारी शेजारी पाहिले की डोळा तयार होतो. ९ डिसेंबर २०१९ ला व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर स्फोट झाला तेव्हा सत्तेचाळीस माणसं तिथे होती, बावीस गेली. तेव्हापासून मी हे नुसता छंद म्हणून बघत नाही.

घाटवाट

मध्येच विचारतो, सह्याद्रीपण ज्वालामुखीचाच ना, मग कोयनेचे धक्के त्यामुळे तर नाहीत? आमच्या ग्रुपवर असं फिरतंय.

कातळ_आणि_काटा

नाही. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तो कधीच थंड झालाय. कोयनेखाली जुन्या भेगा आहेत, त्यांच्यावर ताण आहे, पाणी मुरलं की त्या सरकतात. भारतातला जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेट, त्याच्यावर लक्ष ठेवायचं तर सेंटिनेलच्या उपग्रहाचे फोटो फुकट बघता येतात. ग्रुपवर कृपया हे टाका. १९६७ पाहिलेली माणसं अजून त्या गावांत आहेत, असला मेसेज वाचून ती रात्रभर बाहेर बसतात.

मोरणाकाठ

तीन महिन्यांनी परत आलेय, उशिराबद्दल क्षमा करा. फोरडी घेतला, थोडे पैसे भावाने घातले. माजघरात दाराजवळच्याच कोपऱ्यात जागा केली, वडिलांनी स्वतः उकरलं, हातभर खाली जोत्याचा दगड लागला. पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ, गिरण सुरू झाली की रेघ जाड, सकाळची एसटी, आईचं कांडण, सगळंच. दुपारी एक-दीडला रोज एक ठोका यायचा, मुलं म्हणाली भूकंप, मग बघितलं तर पी मोठी आणि एस जवळजवळ नाहीच, तीपण रोज त्याच वेळेला. क्रशरवर जाऊन विचारलं, त्यांचाच सुरुंग. आता मुलं वहीत "सु" लिहितात.

परवा रात्री २ वाजून १० मिनिटांनी वडील उठले, म्हणाले आवाज आला. मला काहीच जाणवलं नव्हतं. सकाळी उघडलं तर त्याच मिनिटाला स्वच्छ पी, १.९ सेकंदांनी एस, म्हणजे पंधरा किलोमीटर. आलेख त्यांना दाखवला. खूप वेळ बघत होते, मग पेन्सिल घेऊन दारावर जागा शोधली आणि तारखेपुढे "आवाज फक्त, १५ किमी" लिहिलं.

सर, फोटो सगळे काढले, ३११ नोंदी निघाल्या, मुलं टाईप करतायत. १४ मार्च २००५ च्या पुढे "आई घाबरली" लिहिलंय, पाचच्या वरचा होता ना तो?

आता पुढचं विचारते. पलीकडच्या गावच्या शाळेतले सर दुसरं मशीन बसवायला तयार आहेत, पण तिथे नेट दिवसातून दोनदा जातं. वेळेचं काय करायचं?

कातळ_आणि_काटा

हो, २००५ चा तो ५.१ चा. टाईप करताना वडिलांचे शब्द आहेत तसेच ठेवा, "कौल सरकले" याचं तुमच्या मनाने काही करू नका. वेळ अंदाजे असेल तर अंदाजे असंच लिहा.

तांब्याची_तार

शाळेला जीपीएस लावाच, नेट नसलं तरी उपग्रहावरून वेळ मिळते, यूएसबीचा साधा चालतो, शेक तो ओळखतो. अँटिनाला मोकळं आकाश दिसलं पाहिजे, पण तुमच्याकडे माकडं वायर ओढतात, म्हणून छपरावर नका टाकू, खिडकीच्या जाळीला आतून बांधा आणि एक दिवस उपग्रह सापडतायत का ते बघा. सापडले नाहीत तर मला कळवा, माझ्याकडे एक लांब वायरची अँटिना पडून आहे, पुढच्या महिन्यात कराडला येतोय तेव्हा घेऊन येतो.