जुनी माझदा आरएक्स-८ : गरम इंजिन लवकर सुरू होत नाही, गाडी घ्यावी का?

प्रश्न
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि २००५ ची, २३१ अश्वशक्तीची आरएक्स-८ घेण्याच्या विचारात आहे. थंड इंजिन लगेच सुरू झाले. परंतु अर्धा तास चालवून बंद केल्यावर पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टर बराच वेळ नुसताच फिरत राहिला. प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइल बदलल्या की दोष जाईल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. या गाडीच्या इंजिनात पिस्टनऐवजी दोन फिरते रोटर आहेत. त्याने दाखवलेल्या कॉम्प्रेशन (इंजिनात निर्माण होणारा दाब) तपासणीच्या पावतीवर प्रत्येक रोटरपुढे एकच आकडा आहे. त्यावर विसंबावे का?

प्रतिसाद १
विसंबू नये. अशा इंजिनाचा, म्हणजे वँकेल इंजिनाचा, रोटर तिकोनी असल्यामुळे एका रोटरच्या तीन बाजू आणि कॉम्प्रेशनचे तीन आकडे असतात. पिस्टन इंजिनासाठीचे साधे गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवते, आणि एखादी बाजू ढिली पडली असली तरी ती लपून राहते. सहाही आकडे देणारा रोटरी टेस्टर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच, इंजिन पूर्ण तापलेले असताना तपासणी करून घ्यावी. स्टार्टरच्या वेगाप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने मांडलेले हवेत. या इंजिनासाठी माझदाचे प्रमाण ८३० किलोपास्कल आणि किमान मर्यादा ६८० आहे. एका रोटरच्या बाजूंमध्ये १५० पेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा अधिक तफावत चालत नाही. गरम इंजिन सुरू होताना अडणे हे रोटरच्या कडांवरचे, दाब रोखून धरणारे सील झिजल्याचे नेहमीचे लक्षण आहे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, तरी कॉइलचा मुद्दा सोडून देऊ नये. या गाडीत चार प्लगांना चार कॉइल आहेत. कॉइल दमल्या की गाडी चढावर, जोर दिल्यावर धक्के खाते आणि मागे कच्च्या पेट्रोलचा वास येतो. थंड असताना सुरळीत आणि गरम झाल्यावरच हट्टी, असे फक्त कॉइलमुळे सहसा होत नाही. मात्र न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळते, तो आतून वितळून तुंबतो आणि कोंडलेली उष्णता इंजिनावर उलटते. त्यामुळे कॉइल खरोखरच जुन्या असतील, तर कन्व्हर्टर पाहिल्याशिवाय सौदा करू नये. बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना, हेही आधी पाहावे, कारण स्टार्टर मंद फिरला तर चांगले इंजिनही गरम असताना सुरू होत नाही.

प्रतिसाद ३
विक्रेत्याला तेल किती वेळा भरता, एवढे जरूर विचारा. सील ओले राहावेत म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडे तेल दहनकक्षात सोडते आणि जाळते. तेव्हा ‘तेल अजिबात लागत नाही’ असे उत्तर आले, तर तो डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची पट्टी) पाहतच नाही असे समजावे. थंड इंजिन सुरू करून, गाडी जराशी हलवून लगेच बंद करण्याची सवयही वाईट. त्याने प्लग पेट्रोलने भिजतात. नोंदणी २३ मार्च २००६ पूर्वीची आहे हे मात्र चांगले, कारण त्यानंतर नोंदलेल्या, किलोमीटरला २२५ ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना वार्षिक कर बराच जास्त पडतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. बॅटरी चार्ज करून गरम इंजिनावर तपासणी करून घेतली. पुढच्या रोटरचे तिन्ही आकडे ७०० च्या आसपास आले, मागच्या रोटरच्या एका बाजूचा मात्र ५४०. इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करण्यास विक्रेता तयार नाही, म्हणून ही गाडी सोडली आहे.