नव्या पाश्चात्त्य अभिजात संगीताला रेडिओवर मध्यरात्रच का?

मंद्रसप्तक:
आज हयात असलेल्या संगीतकारांचं नवं काम रेडिओवर ऐकायचं तर जागायचं. बीबीसीची अभिजात संगीताची वाहिनी रेडिओ ३, तिच्यावरचा 'न्यू म्युझिक शो' घ्या, शनिवारी रात्री उशिरा. दिवसभर मोत्सार्ट आणि ब्राम्स हे जुने, आजची कोरियन संगीतकार उन्सुक चिन मात्र निजानीज झाल्यावर. मग 'श्रोतेच नाहीत' म्हणून वेळ कापायला मोकळे. कानावरच पडलं नाही तर आवडणार कसं? सकाळी दोन जुन्या रचनांच्या मधे आठ-दहा मिनिटांची एक नवी रचना लावा, 'आता काहीतरी अवघड' अशी प्रस्तावना न करता. एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पेर्तची शांत, सोपी रचना 'श्पीगेल इम श्पीगेल' (१९७८) लोक बाखच्या जोडीने आनंदाने ऐकतातच की.

रातकिडा:
अजिबात पटलं नाही. पेर्त हे सोयीचं उदाहरण झालं. जर्मन संगीतकार लाखेनमान लावा सकाळी! तारेवर दाबून घासलेला गज, बासरीत नुसती फुंकर. सकाळी गाडी चालवताना ऐकलं तर तिच्या आवाजात त्यातलं काय उरणार? अमेरिकन संगीतकार फेल्डमनचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना, १९८३) पाच-सहा तास चालतं, तेही बहुतांश अगदी हळू आवाजात. आणि रात्रीला कमी लेखू नका. जर्मनीतल्या कलोनच्या रेडिओवर १८ ऑक्टोबर १९५१ ला रात्री उशिरा इलेक्ट्रॉनिक संगीतावर कार्यक्रम झाला, आणि तिथला प्रसिद्ध स्टुडिओ उभारायचं त्याच दिवशी ठरलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, लोक तळघरात लपले. तेव्हा हंगेरियन संगीतकार लिगेती कलोनहून येणारी, श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराची इलेक्ट्रॉनिक रचना 'गेसांग डेर युंगलिंगे' रेडिओवर ऐकत होता. डिसेंबरमध्ये त्याने देश सोडला आणि पुढे त्याच स्टुडिओत काम केलं. तळमळीने ऐकणारा एक श्रोता पुरतो.

मंद्रसप्तक:
तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. कलोनने रात्रीच्या तासामागे स्टुडिओ उभा केला, यंत्रं दिली, पैसा लावला. आता नुसता तास मिळतो, आणि तोही आक्रसतोय. रेडिओ ३ वरचा रात्रीचा कार्यक्रम 'लेट जंक्शन' २०१९ मध्ये आठवड्याच्या तीन रात्रींवरून एका रात्रीवर आणला.

खर्ज:
पण आता कार्यक्रम नंतर कधीही ऐकता येतो. मग वेळेवरून भांडण कशाला?

मंद्रसप्तक:
ज्याला नाव ठाऊक आहे तोच शोधणार. न शोधता कानावर पडणं ही रेडिओची खरी ताकद, आणि नव्या संगीताला नेमकी तीच हवी.

तंबोरा:
तांत्रिक बाजू कुणीच काढली नाही. प्रक्षेपणाआधी कंप्रेसर नावाचं उपकरण हळू आवाज वर उचलतो, मोठा दाबतो, म्हणजे गाडीत सगळं ऐकू यावं. फेल्डमनचं त्याने मातेरं होतं. शिवाय शांतता लांबली की बिघाड समजून राखीव ध्वनिमुद्रण आपोआप सुरू होतं. जानेवारी २००४ मध्ये रेडिओ ३ ने अमेरिकन संगीतकार केजची '४ मिनिटं ३३ सेकंदं' ही रचना, जिच्यात वादक एकही सूर वाजवत नाहीत, प्रक्षेपित केली तेव्हा ही व्यवस्था बंद ठेवावी लागली होती. हळुवार, लांबलचक रचना रात्रीच असू द्या, कंप्रेसर सैल करून. पण चिनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) चांगला दणदणीत आहे, तो भर दुपारी लावायला काहीच अडचण नाही.

रातकिडा:
चिन दुपारी, चालेल. पण त्या बदल्यात रात्रीचं एक मिनिटही कापू देणार नाही.