स्ट्रॅट धाटणीच्या स्वस्त गिटारचे पिकअप बदलावेत का, आणि बदलायचे तर कोणते घ्यावेत?

विचारणा

नमस्कार. माझ्याकडे स्ट्रॅट धाटणीची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी), नवशिक्यांसाठी म्हणून विकली जाणारी इलेक्ट्रिक गिटार आहे. नेक सरळ आहे, फ्रेट नीट बसवलेले आहेत आणि हाताला ती पूर्ण सवयीची झाली आहे, त्यामुळे ती विकून दुसरी घेण्याचा विचार नाही. माझी अडचण आवाजाची आहे. नेककडचा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा चुंबक-गुंडाळीचा भाग) स्वच्छ आवाजात मला मनापासून आवडतो. ब्रिजकडचा, म्हणजे तारा जिथे शरीरावर टेकतात तिथला, मात्र कानाला टोचतो, आणि डिस्टॉर्शन चढवले की सूर थांबताच गुणगुण इतकी वर येते की दोन ओळींमधली शांतता उरतच नाही.

मी मित्रांबरोबर हिंदी-मराठी चित्रपटगीते आणि काही जुने रॉक वाजवतो. मेटल वाजवत नाही. घरी लहान सरावाचा अँप आहे, तालमीच्या खोलीत मोठा मिळतो. पिकअपसाठी आठ ते दहा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. तिन्ही बदलावेत की एकच बदलून भागेल? सिरॅमिकऐवजी अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या) चुंबकाचे घेतल्यास माझ्या दोन्ही अडचणी सुटतील का? सोल्डरिंग साधारण जमते.

प्रतिसाद १

तुमच्या लिखाणात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधेही वेगवेगळी आहेत, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी त्या एकमेकींपासून सोडवून घ्याव्यात असे मी आग्रहाने सुचवतो.

टोचणाऱ्या आवाजाचे कारण पुष्कळदा पिकअपमध्ये नसून जोडणीत असते. स्ट्रॅटच्या मूळ जोडणीत पहिला टोन (आवाजाची धार कमी करणारा नॉब) नेकच्या आणि दुसरा टोन मधल्या पिकअपसाठी असतो. ब्रिजच्या पिकअपला टोन जोडलेलाच नसतो. स्विच ब्रिजवर ठेवून दोन्ही टोन पूर्ण फिरवून पाहा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या गिटारमध्ये तीच जोडणी आहे. स्विचच्या टोनकडील बाजूवर मधल्या पिकअपचे टोक आणि ब्रिजचे रिकामे टोक एका लहान तारेने जोडले की दुसरा टोन ब्रिजलाही लागू होतो. याचा खर्च शून्य आहे, आणि अनेकांची पिकअप बदलण्याची इच्छा या एका तारेवर मावळते.

त्यानंतर उंची पाहा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरावी आणि पिकअपच्या खांबापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर मोजावे. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी (एकाच गुंडाळीच्या पिकअपसाठी) जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर हे अंतर फेंडर सुचवते. पिकअप फार वर चढवलेला असेल तर आवाज कर्कश होतो. शिवाय खांब स्वतःच चुंबक असतील, तर ते तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

तिसरी गोष्ट पॉटची, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधाची. पिकगार्ड (पिकअप बसवलेली समोरची पाटी) उघडून प्रत्येक पॉटवरचा आकडा वाचा. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे आणि हंबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५०० किलोओहमचे पॉट लावण्याची रीत आहे. सिंगल कॉइलवर ५०० चे पॉट असतील, तर वरच्या पट्टीतला उंचवटा (पिकअप जिथे सर्वांत जोरात बोलतो ती कंपनसंख्या) मोकळा राहतो आणि आवाज आणखी टोकदार होतो.

आता गुणगुण. सिंगल कॉइल घराच्या वीजपुरवठ्यातील ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली गुणगुण पकडतो, मग तो दोनशे रुपयांचा असो की दहा हजारांचा. म्हणून उत्तम अल्निको सिंगल कॉइल घेतल्यास आवाजाचा पोत बदलेल, गुणगुण मात्र जवळपास तेवढीच राहील. यावर उपाय म्हणून गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्यांचा हंबकर विकसित केला, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५७ पासून तो त्यांच्या गिटारींवर दिसू लागला. त्यात दोन्ही गुंडाळ्यांची दिशा आणि चुंबकाचे ध्रुव एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे तारेचे संकेत बेरजेत येतात आणि बाहेरून शिरलेली गुणगुण वजा होते.

एक साधी तपासणी करून ठेवा. डिस्टॉर्शन चालू ठेवून जागच्या जागी वळा. वळताना गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती चुंबकीय आहे आणि तांब्याची पट्टी चिकटवून ती जाणार नाही. तारांना हात लावताच चरचर कमी झाली, तर दोष आवरणाचा किंवा अर्थिंगचा आहे, आणि तिथे तांब्याच्या पट्टीचा खरोखर उपयोग होतो. स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे शेजारचे दोन पिकअप एकत्र वाजतात, गुणगुण घटते का, हेही पाहा. घटत असेल, तर मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा आहे, आणि ही माहिती पुढे खरेदी करताना लागेल.

प्रतिसाद २

वरील मुद्दे मान्य आहेत, तरी मी पूर्ण अल्निको संचाच्या बाजूने बोलेन. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये बहुधा पोलादी खांब असतात आणि त्यांच्या बुडाशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. मूळ स्ट्रॅटमध्ये खांब हेच अल्निकोचे चुंबक असतात. पोलादी खांबांमुळे गुंडाळीचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा तिचा विरोध) वाढते आणि वरच्या पट्टीतला खुसखुशीतपणा बोथट होतो. ज्यांना स्वच्छ आवाज, ताल आणि थोडे ब्लूज वाजवायचे आहे, त्यांनी सीमोर डंकन कंपनीचे एसएसएल-१ किंवा खर्च कमी ठेवायचा असल्यास टोनरायडर वा विल्किन्सनचे अल्निको संच पाहावेत. मधला पिकअप उलट गुंडाळीचा मागून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या जागा शांत राहतील. तिन्ही पिकअप एका हाताचे असले की स्विच फिरवताना आवाजाची पातळी उड्या मारत नाही, आणि कार्यक्रमात याचा मोठा आधार वाटतो.

प्रतिसाद ३ (विचारणा करणाऱ्याकडून)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे तपासले. ब्रिजवर असताना दोन्ही टोन निष्क्रिय आहेत. तिन्ही पॉट लहान आकाराचे असून त्यांच्यावर बी ५०० के असे छापले आहे. पिकअपच्या बुडाशी काळसर पट्टी आहे, म्हणजे सिरॅमिकच. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण स्पष्टपणे कमी होते. जागच्या जागी वळले की ती बदलते. तारांना हात लावल्याने फारसा फरक पडत नाही. पिकअप खाली उतरवल्यावर टोचणे थोडे कमी झाले, पण डिस्टॉर्शनमधली गुणगुण तशीच आहे.

प्रतिसाद ४ (पहिल्या प्रतिसादकर्त्याकडून)

मग चित्र स्पष्ट झाले. टोचण्यासाठी टोनची तार आणि २५० किलोओहमचे पॉट, आणि गुणगुणीसाठी ब्रिजला सिंगल कॉइलच्या आकारात मावणारा एकच हंबकर, एवढे पुरे आहे. नेकचा पिकअप तुम्हाला आवडतो, तर तो केवळ सिरॅमिक आहे म्हणून काढू नका. सिरॅमिक म्हणजे निकृष्ट ही समजूत मला पटत नाही. डिमार्झिओचा १९७२ चा सुपर डिस्टॉर्शन हा बदली पिकअपांच्या धंद्याचा पाया घालणारा पिकअप सिरॅमिक चुंबकाचाच आहे. फरक चुंबकाच्या नावापेक्षा संपूर्ण बांधणीने पडतो. तिन्ही पिकअप एका हाताचे असावेत हा मुद्दा योग्य आहे, परंतु उंची कमी-जास्त करून पातळीतला फरक बराचसा मिटवता येतो.

पॉट घेताना आकड्यामागचे अक्षर वाचा. आशियाई बनावटीच्या पॉटवर ए म्हणजे लॉगरिदमिक आणि बी म्हणजे सरळ चढण. व्हॉल्यूमला आणि टोनला ए २५० के घ्या. बी प्रकारात टोनचा बहुतेक सगळा परिणाम फिरण्याच्या शेवटच्या टोकाला गोळा होतो.

आता कोणता हंबकर. सीमोर डंकनचा हॉट रेल्स बराच जोरकस आहे आणि तुमच्या दोन सिंगल कॉइलशेजारी तो फार मोठा वाजेल. तुमच्या गाण्यांना लिटल ५९ अधिक साजेल, कारण त्याचा जोर मध्यम आहे आणि तार हलकी छेडली तर तो हलकेच बोलतो. डिमार्झिओचा चॉपर हाही पाहण्यासारखा पर्याय आहे. हॉट रेल्स आणि चॉपर यांत सहा सुट्या खांबांऐवजी सलग पात्या आहेत, त्यामुळे तिथे तारांमधले अंतर जुळते की नाही ही चिंता उरत नाही. नुसते पिकअप बदलायचे असतील तर तुमच्या पिकगार्डला किंवा लाकडाला कापावे लागणार नाही. तरीही स्वस्त गिटारींचे शरीर पातळ असते आणि आतला खड्डा उथळ, म्हणून मागवण्यापूर्वी खड्ड्याची खोली मोजून पिकअपच्या उंचीशी ताडून पाहा.

जाहिरातीतल्या ओहमच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. तो फक्त तारेचा रोध सांगतो. बारीक तार घेतली की कमी वेढ्यांतही तो वाढतो. ऐकू येणारा स्वभाव इंडक्टन्स आणि जोडलेली केबल मिळून ठरवतात. सहा मीटर केबल आणि गुंडाळी मिळून सुमारे ७०० पिकोफॅरड धरले, तर २.४ हेन्रीच्या सिंगल कॉइलचा उंचवटा ३९०० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि ८ हेन्रीच्या जोरकस हंबकरचा २१०० च्या आसपास. म्हणूनच जोरकस पिकअप जाड आणि काहीसे दबलेले वाटतात. याचा आणखी एक अर्थ असा, की लांब केबलऐवजी तीन मीटरची वापरली तरी आवाज उजळतो.

एक तोटा आधीच सांगतो. आज तुमच्या दुसऱ्या जागेवर ब्रिज आणि मधला पिकअप मिळून गुणगुण मारतात. ब्रिजला हंबकर आला की तो स्वतः शांत असेल, पण मधल्याची गुणगुण मारायला जोडीदार उरणार नाही, म्हणून दुसरी जागा थोडी बोलू लागेल. चौथी जागा मात्र आहे तशीच शांत राहील. चार तारांचा हंबकर घेतल्यास पुढे दुसऱ्या जागेवर त्याची योग्य ती एकच गुंडाळी चालू ठेवून हेही दुरुस्त करता येते. पहिल्याच वेळी त्यात शिरू नका.

प्रतिसाद ५

सोल्डरिंगबद्दल थोडे लिहितो, कारण चांगला पिकअप वाईट टाक्यामुळे वाया गेलेला मी पाहिला आहे. घरोघरी असते ती २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री स्विचच्या टोकांना पुरते, परंतु पॉटच्या पाठीवर अर्थची तार लावताना तो पत्रा सगळी उष्णता शोषून घेतो. टाका चकचकीत बसत नाही आणि तोवर आतली पट्टी भाजते. तिथे ४० ते ६० वॅटची इस्त्री थोडाच वेळ टेकवावी. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासावा. ६०-४० चे, आत रोझिन असलेले सोल्डर वापरावे. नळजोडणीचे आम्लयुक्त फ्लक्स मुळीच वापरू नये, कारण ते पुढे तांबे खाते.

पॉट, सोल्डर आणि मल्टिमीटर पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. मात्र गिटारसाठीचे सीटीएस कंपनीचे मोठे पॉट घेतलेत, तर त्यांच्या दांड्यासाठी सुमारे ९.५ मिलिमीटरचे भोक लागते आणि लहान पॉटसाठीच्या पिकगार्डात ते बसत नाहीत. दांड्यावरचे दातेही वेगळे असल्याने जुने नॉब घट्ट किंवा सैल होतात. तुमच्या बाबतीत लहान आकाराचेच चांगले पॉट घेणे सोयीचे ठरेल.

तारांच्या रंगांची गफलत होऊ देऊ नका. सीमोर डंकनमध्ये काळी तार स्विचकडे जाते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून त्यांवर आवरण चढवायचे, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल स्विचकडे, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. दोन्ही कंपन्यांच्या रंगांचा अर्थ वेगळा आहे, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद ६ (विचारणा करणाऱ्याकडून)

आता एकच शंका राहिली. हंबकरला ५०० चे पॉट लावण्याची रीत असताना मी २५० चे लावले, तर लिटल ५९ मंद वाजेल का? आणि नवा पिकअप मधल्याशी जुळतो की नाही, हे सगळे बंद करण्यापूर्वी कसे ओळखावे?

प्रतिसाद ७ (पहिल्या प्रतिसादकर्त्याकडून)

थोडा मऊ वाजेल, आणि टोचण्याची तक्रार असलेल्या माणसाला तेच हवे आहे. नेक आणि मधला यांच्यासाठी २५० आवश्यक असल्याने तडजोड याच बाजूने करावी.

जुळणी तपासण्यासाठी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना लावा, पोलादी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खांबांवर किंवा पात्यांवर टेकवा आणि झटकन दूर घ्या. आकडा अधिककडे जातो की उणेकडे, ते लिहून ठेवा. मल्टिमीटरची लाल पिन दोन्ही वेळा स्विचकडे जाणाऱ्या तारेलाच असेल याची काळजी घ्या, आणि मधल्या पिकअपवर हीच कृती करा. दोन्हींची दिशा एकच आली तर तारा आहेत तशा जोडाव्यात. विरुद्ध आली, तर दुसऱ्या जागेवर आवाज पोकळ आणि खर्जाविना येईल. अशा वेळी नव्या पिकअपच्या काळ्या आणि हिरव्या तारेची अदलाबदल करावी, उघडी तार मात्र अर्थलाच ठेवावी. जुना ब्रिज पिकअप काढताना त्याच्या तारा मुळाशी कापू नका, स्विचवरून सोल्डर वितळवून सोडवा, आणि मूळ जोडणीचे छायाचित्र त्याआधी घेऊन ठेवा.