माया हवीच, पण तयारीही हवी
‘माया असली की फॉस्टर केअरमधलं (म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळलं जाणारं) मूल रुळतंच’ हे म्हणणं मला पटत नाही. उपासमार सोसलेलं मूल डबे भरलेले असूनही उशीखाली पोळी लपवतं. ही चोरी नव्हे, हे आधी कुणी सांगितलं नसेल तर मायाळू आईसुद्धा रागावते. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही (आणि कांदा हुंगवायचा नाहीच!), हेही शिकावं लागतं.

‘मिशन वात्सल्य’ या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे; त्यात थेरपीच्या फेऱ्या कशा बसवायच्या? मूल सोपवतानाच त्याची औषधं, सवयी, भीती यांची सगळी माहिती बालकल्याण समितीने (मूल कुणाकडे सोपवायचं हे ठरवणाऱ्या सरकारी समितीने) सांभाळणाऱ्या पालकांना द्यायला हवी. आणि रात्र रात्र जागणाऱ्यांना ‘तुम्हीच तर घेतलंत’ असं कृपया म्हणू नका.