आजोबांची नौदलातील युद्धपदके : जहाज नेमके कोणते असावे? (मदत हवी आहे)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. हा धागा माझ्या आईच्या वडिलांविषयी आहे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत होते. त्यांची चार पदके आमच्याकडे आहेत, मात्र ती कोणत्या जहाजावरच्या सेवेबद्दल मिळाली हे सांगणारा एकही कागद उरलेला नाही. माझे आजोळ प्रयाग चिखलीचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घर पाण्याखाली गेले आणि नौदलातून सुटताना आजोबांना मिळालेले पुस्तक व कागद यांचा ट्रंकेतच लगदा झाला. पदके पितळी डब्यात होती म्हणून वाचली.

घरात त्यांना कधी कोणी पदके म्हटले नाही. सगळे ‘आजोबांचे बिल्ले’ असेच म्हणत. त्यांपैकी तीन सहा टोकांचे तारे आहेत आणि चौथे गोल आहे. ताऱ्यांवरची अक्षरे स्पष्ट वाचता येतात : ‘१९३९-४५ स्टार’, ‘बर्मा स्टार’ आणि ‘इटली स्टार’. गोल पदक म्हणजे ‘वॉर मेडल’. त्याच्या एका बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह आहे. फिती विरल्या आहेत, तरी इटली स्टारच्या फितीतले लाल, पांढरे आणि हिरवे पट्टे अजून ओळखू येतात.

ब्रिटनने आपल्या सैनिकांना हे तारे नाव न कोरता दिले, पण भारतीयांना दिलेल्या ताऱ्यांच्या पाठीवर नाव उमटवले जात असे, हे मला अलीकडेच कळले. म्हणून गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफांकडे तिन्ही तारे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून, तारा दिव्याखाली तिरपा धरून पाठीमागची अक्षरे एकेक करून वाचली : आधी क्रमांक, मग एस-टी-ओ, मग आजोबांचे नाव आणि शेवटी आर-आय-एन. क्रमांकातला एक आकडा तीन आहे की आठ, हे मात्र ठरवता आले नाही, कारण लहानपणी मीच एका दिवाळीत हे बिल्ले चिंच आणि राखेने घासून लख्ख केले होते आणि तेव्हा सगळ्यांनी माझे कौतुक केले होते. त्याची रुखरुख मला आता फार लागते.

एस-टी-ओ म्हणजे स्टोकर. आम्ही आजवर समजत होतो की आजोबा तोफेवर होते, कारण आजी तसेच सांगायची. प्रत्यक्षात ते खाली बॉयलरपाशी होते. हे कळल्यावर आईला एकदम आठवले की गुऱ्हाळाच्या हंगामात गावातले लोक आजोबांना मुद्दाम बोलावून नेत, कारण काहिलीखालचा जाळ कधी वाढवायचा आणि चिपाडे कधी आवरती घ्यायची हे त्यांना आवाजावरून समजायचे. त्या काळच्या स्लूप जातीच्या (म्हणजे जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या छोट्या) युद्धनौकांचे बॉयलर तेलावर चालत, त्यामुळे तिथे फावड्याने कोळसा ओढायचा नसे. पण आगीकडे तासन्‌तास लक्ष ठेवण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असे आईला वाटते आणि मलाही ते पटते.

आता मूळ अडचण सांगतो. आजी ठामपणे म्हणायची की आजोबा ‘नर्मदा’ बोटीवर होते. नौदलात ‘नर्बदा’ नावाची स्लूप होती, ती १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधून पूर्ण झाली आणि जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरच्या लढायांत ती होती, त्यामुळे बर्मा स्टारचा उलगडा होतो. इटली स्टारचे काय? तो भूमध्य समुद्रातल्या ११ जून १९४३ नंतरच्या सेवेबद्दल दिला जाई, आणि जुलै १९४३ च्या सिसिली मोहिमेत ज्या भारतीय स्लूप होत्या त्या ‘जमना’ आणि ‘सतलज’. यांपैकी ‘जमना’ पुढे आराकानलाही गेली. म्हणजे आजोबांचे दोन्ही तारे एकट्या ‘जमना’वरच्या नोकरीतून मिळू शकतात आणि आजीने सांगितलेले नाव मात्र वेगळेच उरते. ‘नर्बदा’ ब्रिटनहून भारताकडे येताना भूमध्य समुद्रातून आली का, आणि त्या प्रवासातल्या खलाशांना इटली स्टार मिळाला का, हे कोणाला खात्रीने सांगता येईल का? की आजोबांची मध्येच एका नौकेवरून दुसऱ्या नौकेवर बदली झाली असेल? स्टोकरांच्या अशा बदल्या सर्रास होत असत का?

तारखांचाही एक पेच आहे. नौसैनिकाला १९३९-४५ स्टारसाठी १८० दिवसांची समुद्रावरची सेवा लागे आणि ती पुरी झाल्यावरच पुढच्या ताऱ्याचा हक्क सुरू होई. आजोबा सिसिलीला असतील, तर जानेवारी १९४३ च्या सुमारास ते जहाजावर असलेच पाहिजेत. आजीच्या सांगण्याप्रमाणे ‘चले जाव’च्या चळवळीत गावात धरपकड सुरू असताना त्यांनी घर सोडले. ऑगस्ट १९४२ नंतर भरती, प्रशिक्षण आणि मग जहाज, हे सगळे चार-पाच महिन्यांत बसत असे का? युद्धकाळात स्टोकरचे प्रशिक्षण किती दिवसांचे असे, हे कोणी सांगितले तर यातली निम्मी गाठ सुटेल.

सेवेची नोंद मिळवण्याबाबतही मार्गदर्शन हवे आहे. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळी आणि सैनिक गिरगाव ही गावे नावानेच ओळखली जातात, घरोघरी फौजी आहेत, पण ते सगळे भूदलातले. त्यामुळे ज्याला विचारावे तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव केंद्राकडे बोट दाखवतो, आणि नौदलाच्या माणसाचा तिथे काही उपयोग नाही. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात, एवढे मला माहीत आहे. स्वातंत्र्यापूर्वीच नोकरीतून सुटलेल्या खलाशाच्या नातवाने तिथे अर्ज करून उत्तर मिळवले आहे, असे कोणी इथे आहे का? अर्जासोबत वारस असल्याचा कोणता पुरावा जोडावा लागला? एक आकडा संशयास्पद असल्याने दोन्ही शक्य क्रमांक एकाच अर्जात लिहावेत की दोन वेगळे अर्ज करावेत?

शेवटची गोष्ट फ्रेमची. मामांनी इटली स्टार पुढे आणि बर्मा स्टार मागे, असा क्रम लावून घेतला होता. माझ्या माहितीप्रमाणे योग्य क्रम १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल असा आहे. जाणकारांनी तो तपासून सांगावा. विरलेल्या जुन्या फिती तशाच ठेवाव्यात की नव्या लावाव्यात, याबद्दलही आपले मत हवे आहे. फ्रेम करणाऱ्यांना मी तूर्त काम थांबवायला सांगितले आहे. आईचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि तिला फ्रेमखालच्या पट्टीवर वडिलांच्या नावासोबत जहाजाचेही नाव हवे आहे, म्हणून ती जागा सध्या कोरी ठेवली आहे.